सकाळची ओवी कुठं भेटली?

पत्र असं आहे:

"मावशी, जय ख्रिस्त. मी राहाता तालुक्यातल्या एका लहान मंडळीत स्त्री मंडळाची सेक्रेटरी आहे. आमची मंडळी सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, सत्तेचाळीस कुटुंबं. पाळकसाहेबांकडे तीन गावं आहेत. रविवारी उपासना घेऊन ते पुढच्या गावाला निघतात. सोमवार ते शनिवार मंडळी म्हणून आमचं काहीच नसतं. गेल्या वर्षी मी 'रोजचं वचन' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर वचन टाकते, खाली सगळ्यांचे जोडलेले हात येतात. एका रविवारी सहज विचारलं, कालचं वचन कोणतं होतं? कुणालाच सांगता येईना. मलाही आठवेना, आणि ते मीच टाकलं होतं. रोजचं मनन मंडळीच्या अंगवळणी कसं पाडायचं? आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे वडीलधारे पुढारी, म्हणतात, मनन-ध्यान हे आपलं नाही, आपली प्रार्थना. म्हाताऱ्या बायांपैकी बऱ्याच जणींना वाचता येत नाही. पोरं चाकण-रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतात. आणि माझंच सांगायचं तर दर जानेवारीत बायबल पहिल्यापासून वाचायला घेते आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकते. मग वर्षभर अपराध्यासारखं वाटत राहतं."

पोरी, जय ख्रिस्त.

"मलाही आठवेना, आणि ते मीच टाकलं होतं" हे वाक्य मी दोनदा वाचलं. असं लिहायला धीर लागतो, आणि तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच वाक्यात आहे. तुमच्याकडे वचनं रोज येतात, पण मुक्कामाला एकही राहत नाही. आजचं आलं की कालचं वर सरकतं. वर्षात तीनशे पासष्ट पाहुणे दारात येऊन गेले आणि एकालाही कुणी पाट मांडला नाही, असं झालंय.

आधी माझ्या आजीबद्दल सांगते, कारण मनन म्हणजे काय हे मला कुणा पुस्तकानं शिकवलं नाही, तिनं शिकवलं.

आजीला अक्षरओळख नव्हती. शाळेला जाण्याआधी मी तिला एक ओवी वाचून दाखवायची. आमच्याकडे बायबलातल्या वचनाला ओवीच म्हणत, "योहान तीन, ओवी सोळा" असं. ती चुलीपुढे बसलेली असायची, परातीत पीठ. मी वाचलं की म्हणायची, "पुन्हा." परत वाचलं की, "आणखी एकदा." तिसऱ्यांदा ऐकताना तिचे हात थांबायचे. मग भाकरी थापता थापता ती ओवी तिच्या तोंडात फिरत राहायची. भाकरी तव्यावर टाकताना शब्द तुटायचा, पाणी फिरवून झालं की तुटला तिथूनच पुढे. शेतावर जाताना, शेळीला पाला घालताना तेच पुटपुटणं.

रात्री अंथरुणावर पडलो की विचारायची, "सकाळची ओवी कुठं भेटली गं तुला?"

मला बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. ती रागवायची नाही. "बरं, उद्या बघ," एवढंच. एकदा ओवी होती, "एकमेकांची ओझी वाहा." त्या दिवशी विहिरीवर माझ्या वर्गातली एक मुलगी भरलेला हंडा डोक्यावर घ्यायला धडपडत होती. तिच्या घरचं आणि आमच्या घरचं बोलणं बंद होतं. मी पाहिलं आणि बाजूनं निघून गेले. रात्री आजीला म्हटलं, "भेटली, पण मी थांबले नाही." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एवढं देवाला सांग आणि झोप." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी आधी जाऊन उभी राहिले.

सकाळी एक ओवी, दिवसभर तोंडात, रात्री एक प्रश्न. तुझ्या मंडळीला मी याहून जास्त काही सुचवणार नाही.

आता त्या वडिलांचं म्हणणं. त्यांच्या मनात भीती आहे, आणि ती खोटी ठरवून त्यांना मंडळीत गप्प करू नकोस. त्यांच्याकडे जा, पहिलं स्तोत्र उघड आणि दोघं मिळून वाचा. धन्य माणूस कोण? जो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो तो. 'मनन' हा शब्द आपल्या मराठी बायबलातलाच आहे. मूळ हिब्रूत तिथे 'हागा' असं क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ डोळे मिटून मन रिकामं करणं असा नाही. पुटपुटणं, तोंडातल्या तोंडात म्हणत राहणं, असा आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात सिंह आपल्या शिकारीवर बसून गुरगुरतो, तिथेही हेच क्रियापद आलंय. आजीची चूल मला त्या शब्दात दिसते.

त्या वडिलांना आणखी एक सांग. दानिएल दिवसातून तीनदा, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून गुडघे टेकत असे. पहिल्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करावी असं आहे. आणि तुमची मंडळी सी.एन.आय.ची, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या त्यांचा वारसा तुमच्याकडे आहे. त्यातला एक प्रवाह अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा. त्यांच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत, आणि पाळकानं रोजच्या प्रार्थनेआधी घंटा वाजवावी, म्हणजे लोकांना येता येईल, असंही सांगितलंय. रोज, फक्त रविवारी नव्हे. दुसरा प्रवाह आपल्याकडचा, १८३१ साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा. त्यांचा भर घराघरातल्या कुटुंबप्रार्थनेवर. देवळातली रोजची घंटा आणि घरातला रोजचा कंदील, दोन्ही तुमचंच आहे. मधल्या काळात तेल संपलं, एवढंच.

आजीचा तो रात्रीचा प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षांनी वेगळ्याच घरात भेटला. कॅथलिकांच्या येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ साली छापलं गेलं, दिवसाच्या झडतीची एक रीत दिली आहे. तिच्या पायऱ्या पाच: आधी उपकार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग दिवस पहिल्यापासून चाळायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी काय सुधारायचं ते ठरवायचं. येशूसंघाचे लोक हे करतात. आपण प्रोटेस्टंट म्हणून त्याकडे पाठ फिरवण्याचं मला काही कारण दिसत नाही. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटी दावीद हेच मागतो, की देवा, माझी झडती घे, माझ्यात वाईट वाट आहे का ते पाहा. पाच पायऱ्यांतली पहिली मात्र गाळू नका. आपल्या मंडळ्यांत आत्मपरीक्षण म्हटलं की थेट पापापासून सुरुवात होते, आणि बायका रडून थकतात. आधी उपकार. आज कोणतं पाणी मिळालं, कोण गोड बोललं, कोणतं दुखणं थांबलं. त्या उजेडात मग चूकही नीट दिसते.

तुझ्या ग्रुपची गोष्ट. तो बंद करू नकोस, पण त्यात काय घालायचं ते बदल. जर्मनीतल्या हर्नहुट गावात मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीनं १७२८ पासून असंच रोजचं वचन सुरू केलं होतं, आणि १७३१ पासून त्याचं पुस्तक दरवर्षी छापलं जातं, आजतागायत. सुरुवातीला मात्र पुस्तक नव्हतं. एक भाऊ घरोघर जायचा, दारात उभा राहून त्या दिवसाचं वचन सांगायचा. वचनाबरोबर माणूस यायचा. घरात कोण आजारी आहे, कोणाचा चेहरा उतरलाय, हे त्याला दिसायचं. फुलांच्या चित्राला ते दिसत नाही.

म्हणून मी असं करून बघ म्हणेन. रोज नवं वचन थांबव. आठवडाभर एकच उतारा, सगळ्या मंडळीचा एकच. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. येशूच्या जीवनाच्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान आहे, पावणेसातशेच्या वर ओव्या. आठवड्याला तेराच्या आसपास घेतल्या तर वर्षात पुरं होतं, एवढी ती चाल संथ आहे. सोमवारी ग्रुपवर उतारा जाऊ दे, चित्र नको, आवाज जाऊ दे. तुमच्यातल्याच कुणीतरी सावकाश वाचलेला, दोन-अडीच मिनिटांचा. एका आठवड्यात शाळेतल्या पोरानं, एका आठवड्यात म्हाताऱ्या काकांनी. ज्या बायांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येतं. कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या पोराला कानात घालता येतं, मग त्याची पहिली शिफ्ट असो की तिसरी. वाचताना भाषा सोपी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं सगळं मराठी भाषांतर एकटीनं पुरं करण्यात घातली, आणि १९२२ साली काम हातावेगळं करूनच त्या गेल्या. साध्या बायकांना ऐकून समजावं, हाच त्यांचा ध्यास होता. तुमच्या आवाजातून तेच काम पुढे चालेल.

एकच उतारा सात दिवस म्हणजे लोक कंटाळतील, असं तुला कमिटीत कुणीतरी म्हणेल. कंटाळतील, मंगळवारी. बुधवारनंतर काय होतं ते मी पाहिलंय.

आमच्या घरच्या प्रार्थनेला आम्ही सहा-सात जणी जमतो. एका आठवड्यात मार्काच्या चौथ्या अध्यायातलं वादळ घेतलं होतं. सोमवारी सगळ्या म्हणाल्या, माहीत आहे, येशूनं वारा शांत केला. मंगळवारी कुणाला काही सुचेना. बुधवारी एक जण म्हणाली, "तो उशी घेऊन झोपला होता." ती उशी फक्त मार्क सांगतो. तिचा नवरा महिनाभर दवाखान्यात होता आणि ती बाकड्यावर पिशवी उशाला घेऊन झोपत होती. प्रभू दमून झोपला होता, एवढ्यानंच तिला रडू आलं. शुक्रवारी दुसरीनं विचारलं, "आणि हे दुसरे मचवे कुठले?" आम्ही पुन्हा पाहिलं. खरंच लिहिलंय, त्याच्याबरोबर दुसरेही मचवे होते. एवढी वर्षं आम्ही ती गोष्ट ऐकतोय, गातोय, शब्बाथ शाळेत तिचं चित्र काढतोय, आणि आम्हाला एकच मचवा दिसत होता. वादळ त्या सगळ्यांवर आलं होतं. वारा पडला तो त्या सगळ्यांसाठी. त्या रात्री आम्ही शेजारच्या गल्लीतल्या तीन घरांसाठी प्रार्थना केली, ज्यांच्यासाठी आधी कधी केली नव्हती, आणि त्यांतलं एकही ख्रिस्ती नव्हतं.

हे सोमवारी दिसलं नसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, रविवार. रोजचं मनन घरातल्या घरात राहिलं तर ते माझं राहतं, मंडळीचं होत नाही. त्याला रविवारी दार हवं. पाळकसाहेबांना एकटी जाऊन भेट, कमिटीत ठराव आणण्याच्या आधी. उतारे त्यांना निवडू दे, आणि शक्य असेल तर रविवारचा संदेश त्याच उताऱ्यावर द्यायला विनव. तीन गावं सांभाळणाऱ्या माणसाला हे ओझं वाटणार नाही. उलट, आपण बोलणार ते लोकांनी सहा दिवस चघळून ठेवलंय, हे कळलं तर त्यांच्या जिवाला किती बरं वाटेल. मग सूचना वाचून झाल्या की संदेशाआधी दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. खरंच गप्प, पेटी वाजवत नाही. नंतर दोघा-तिघांनी जागेवरूनच सांगायचं, या आठवड्यात ही ओवी मला कुठं भेटली. प्रत्येकी एखाद-दोन वाक्यं. मायक्रोफोन देऊ नका, हातात मायक्रोफोन आला की माणूस भाषण करतो. मग नारायण वामन टिळकांचं एखादं भजन घ्या. तुमच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात त्यांची पुष्कळ आहेत, आणि शांततेनंतर अभंगाच्या चालीवर मंडळी जशी गाते तशी एरवी गात नाही.

एका गोष्टीपासून मात्र जपा. रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर देवाला द्यायचं असतं. त्यातलं लोकांना किती सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत माझ्या घरातली एक गोष्ट कुणीतरी "या बहिणीसाठी प्रार्थना करू या" म्हणत सगळ्यांसमोर मांडली. मी ती एकाच व्यक्तीला विश्वासानं सांगितली होती. प्रार्थना झाली, "आमेन" झालं, आणि आठवडाभरात ती गावभर झाली. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याही सभेत तोंड उघडलं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तू स्वतः उभी राहून सांग, की इथे प्रत्येकानं आपलंच सांगायचं, दुसऱ्याच्या घरचं प्रार्थनेच्या नावानंसुद्धा आणायचं नाही. हजेरीही घेऊ नका. कुणी ऐकलं, कुणी नाही, याची वही ठेवलीत की तीन महिन्यांत सगळे खोटं बोलायला शिकतील.

आता तुझा जानेवारी. बायबलात ११८९ अध्याय आहेत. वर्षात पुरे करायचे तर रोज तीनाच्या वर पडतात. उत्पत्तीचे पन्नास, निर्गमचे चाळीस, म्हणजे जानेवारी संपता संपता तू लेवीयाच्या दारात पोचतेस, आणि तिथे एकटीनं, घाईत, होमार्पणांचे नियम वाचतेस. अडकशील नाही तर काय! त्यात तुझी भक्ती कमी पडत नाही. ज्यांना तशी सवय आहे त्यांनी जरूर वाचावं. तू एवढ्यात वाचू नकोस. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून बाकी भरू नकोस. मान्ना आठवतो ना, रानात इस्राएल लोकांना देव रोज द्यायचा ते अन्न? ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. कालचा गोळा न केलेला मान्ना आज कुणी मागितला नाही, आज आजचा होता. आपण रोज म्हणतो त्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागतो. पुरते दिवस कोरडे जातील, ओवी कुठंच भेटणार नाही. अशा रात्री "बरं, उद्या बघ" म्हणायचं आणि झोपायचं. मला साठ वर्षांत असे दिवस मोजता येणार नाहीत इतके आलेत.

वेळ कधी काढू, हे तू विचारलं नाहीस, पण पत्राच्या कडेला "पहाटे दूध काढायला साडेचारला उठते" असं लिहिलंयस. मग वेगळा वेळ काढायचं ओझं घेऊच नकोस. धार काढताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. उतारा आदल्या रात्री एकदा ऐक आणि त्यातली एकच ओवी गोठ्यात घेऊन जा. रात्रीचा प्रश्न अंथरुणावर. पाच मिनिटं पुष्कळ झाली. महिनाभर आधी तू एकटीनं कर, कुणाला सांगू नकोस. मग तुझ्यासारख्या दोघींना घे. मंडळीसमोर त्यानंतर जा. जे तुझ्या जिभेवर रुळलं नाही ते तुला दुसऱ्याला देता येणार नाही, आणि ते बायकांना तुझ्या आवाजावरूनच कळेल.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हा मंडळीत आरंभ करा. त्या चाळीस दिवसांत लोकांची मनं आधीच थोडी नांगरलेली असतात.

आणि ज्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही म्हणालीस, त्यांना फक्त ऐकणाऱ्यांत धरू नकोस. त्यांची नावं लिहून काढ. प्रत्येकीकडे सकाळी एकेक शाळकरी पोर पाठव, घरचं असेल तर उत्तमच. पोरानं ओवी तीनदा वाचायची. आणि रात्री आजीनं त्याला विचारायचं.

तुझी,
मावशी